लेम्पीची टाकी जमिनीखाली जाते

आमच्या रस्त्यावरच्या शेवटच्या घरात लेम्पी केटुनेन राहते. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने ते घर लाकडं जाळून ऊबदार ठेवलं. यंदा तिचा खांदा गेला आणि कुऱ्हाड उचलेना. मुलगा आर्वी म्हणाला, "आई, जमीन गोठायच्या आत गॅसची सोय झाली तर राहा इथे. नाहीतर मुकाट्याने माझ्याकडे गावात यायचं."

"कबूल. पण गॅसची टाकी जमिनीखाली हवी. खिडकीबाहेर ते पांढरं डुक्कर लोळलेलं मला चालणार नाही."

टाक्या बसवायचं काम करणाऱ्या वेंडेल लाहतीने खड्डा खणून टाकी आत उतरवली. पण दुसऱ्या दिवसापासून हरणांच्या शिकारीचा मोसम! त्या दिवशी आमच्याकडे शाळासुद्धा बंद असते. टाकी खाली आवळून न बांधता, गॅस न भरता, वरवर माती लोटून वेंडेल जंगलातल्या शिकारीच्या झोपडीकडे पळाला.

मग पाऊस लागला. खड्ड्यात पाणी भरलं आणि रिकामी टाकी तरंगून वर आली. आर्वीने ती पाहिली. "झालं. मी खोकी आणतो, सामान भरू."

"आधी सौनासाठी लाकडं फोड. माणसं येणार आहेत," लेम्पी म्हणाली आणि गाडी काढून निघाली. थंडीत राबलेल्या माणसाला आमच्याकडे सौना, म्हणजे लाकडं जाळून तापवलेली वाफेची खोली, हेच बक्षीस.

झोपडीत नारिंगी जाकिटं घातलेले चौघे पत्ते कुटत बसले होते.

"वेंडेल, माझी टाकी पोहतेय."

"लेम्पी, अहो, मोसम संपला की लगेच..."

"तोवर जमीन दगड होईल. हरणांची काळजी करू नकोस. तुझ्या हातून आजवर एक तरी मेलंय का?"

बाकीचे तिघे खो खो हसले.

"हसताय काय? तुम्हीही उठा. सौना तापतोय."

चौघेही आले. पंपाने पाणी उपसलं, टाकी पट्ट्यांनी काँक्रीटच्या ठोकळ्यांना आवळली. वेंडेलने फावडं उचललं, तशी लेम्पी खड्ड्याच्या काठावर आडवी उभी राहिली. "आधी तिचं पोट भरू दे." तिने गॅसवाल्याला फोन करून ठेवलाच होता. त्याची गाडी आली, गॅस भरला, मगच तिने माती टाकू दिली.

सौनातून निघून मंडळी परत झोपडीकडे गेली. घरात ऊब देणारी गॅसची नवी शेगडी पेटली होती. बर्फात टाकीचं झाकण सापडावं म्हणून आर्वी बाहेर काठी रोवत होता. मी त्याला चौथीत शिकवलंय. हरल्यावर तो काम फार नीट करतो.

"आणखी उंच घे," दारातून लेम्पी म्हणाली. "फेब्रुवारीत इथे बर्फ छातीपर्यंत येतो."

आर्वी लांब काठी आणायला गेला.