घुसळलेलं रक्त

माझी लेक जनावरांच्या दवाखान्यात रक्त तपासते. लहानपणी सुईचं नाव काढलं की पलंगाखाली दडी मारणारी ही मुलगी आता दिवसभर रक्ताच्या नळ्यांत रमलेली असते. तिला एखादी गाय लाथाडेल, या विचारानं माझ्या जिवाला घोर. "आई, गाय माझ्यापर्यंत नळीतून येते. नळीला पाय नसतात," असं म्हणून ती माझं तोंड बंद करते.

गेल्या महिन्यात आमच्या दूधवाल्या काकूंच्या बाहुलीनं, म्हणजे त्यांच्या लाडक्या गायीनं, खाणं सोडलं. शेजारच्या द्राक्षबागेतली छाटलेली पानं काकूंनी तिला आठवडाभर घातली होती आणि पानांवर बुरशीनाशकाचे निळे डाग होते. औषधानं यकृत बिघडलं असावं, असं डॉक्टरांना वाटलं. यकृत दुखावलं की त्यातली एन्झाइम्स रक्तात उतरतात. डॉक्टरांनी गोठ्यावर जाऊन बाहुलीचं आणि पानांना तोंडही न लावलेल्या म्हाताऱ्या गायीचं रक्त काढलं आणि नळ्या काकूंच्या हवाली केल्या.

दुपारी मी लेकीचा विसरलेला डबा द्यायला गेले, तेव्हा आकडे नुकतेच आले होते. बाहुलीचे नेहमीच्या चौपट. काकू बाकावर मटकन बसल्या.

"माझ्याच हातानं विष घातलं गं तिला."

लेक मात्र दुसराच कागद बघत होती. म्हातारीचे आकडे तिप्पट होते.

"काकू, नळ्या कशा आणल्यात?"

"दुधाच्या किटलीत घालून, सायकलवर. गोठू नये म्हणून वाटेत थांबून थांबून चांगल्या घुसळल्या."

"घुसळल्या?"

"चाळीस वर्षं लोणी काढतेय. आता तू मला शिकव."

लेकीनं नळी उजेडात धरली. वरचं पिवळसर पाणी गुलाबी झालं होतं. "रक्तातल्या पेशी फुटल्यात. त्यांच्यातलं एन्झाइमही आकड्यात मिसळलंय. यात यकृतापेक्षा तुमचं मनगटच जास्त आहे."

काकूंना हसावं की रडावं कळेना.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घ्यायला डॉक्टरांबरोबर लेक स्वतः गोठ्यावर गेली. मी तीनदा फोन केला.

"लाथ मारली का?"

"नाही. चाटलं."

या वेळी म्हातारी ठणठणीत निघाली. बाहुलीचे आकडे वाढलेले होते, पण थोडेच. पानं कायमची बंद झाली, औषध सुरू झालं.

तीन आठवड्यांनी काकू पुन्हा नळी घेऊन आल्या, सायकल घरी ठेवून. काठोकाठ भरलेली वाटी आणावी तशी नळी दोन्ही हातांत सांभाळत तासभर चालल्या होत्या. आकडे अगदी जागेवर होते.

"मला आधीच माहीत होतं," काकू म्हणाल्या आणि खांद्यावरचा टॉवेल दाखवला. त्याचं एक टोक चघळून गायब होतं. "आज सकाळी बाहुलीनं खाल्लं."