कोंडिबाची दवंडी मोबाईलवर

विंझर सोडून आत वळलं की आमचं गाव, आणि गावात शिरलं की भैरोबाचं देऊळ. त्या देवळाच्या भोंग्यातून कैक वर्षं कोंडिबाच बोलत आला. नळाला पाणी सुटायचं असो, रेशनची गाडी यायची असो, कुणाच्या पोराचं जावळ असो, कोंडिबा माईकवर फुंकर मारायचा आणि सुरू व्हायचा, "ऐका मंडळी, ऐका." सगळं दोनदा सांगायचा. एकदा खालच्या आळीसाठी, एकदा वरच्या. घरची शेती होती, पण वेल्ह्याच्या बाजारात त्याची ओळख एकच, भोंगेवाला.

मग एका वळवात वीज पडली आणि भोंग्याचं मशीन जळालं. सरपंच नूतनताई म्हणाल्या, "आण्णा, आता नवं मशीन काय घेत न्हाई. गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप हाय, त्याच्यावर बोला. महिनाभर बघू. जमलं तर तुमीच. न्हाई तर भाऊसाहेब लिहून टाकत्याल."

भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. त्यांची बोटं मोबाईलवर झरझर चालायची. कोंडिबाला ते 'न्हाई तर' जेवताना घासागणिक टोचलं. आवाज गेला तर गावात आपलं उरलं काय, हा त्याचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी गडी देवळाच्या पायरीवर उभा. मोबाईल तोंडापुढं आडवा धरलेला. त्याचा जोडीदार गेनबा पारावर तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "आरं कोंड्या, त्यो मोबाईल हाय. कणीस खाल्ल्यावानी काय धरलाईस?"

"गप. रेकाडिंग चालू हाय."

गेनबाच्या कणसासकट तो निरोप पुण्याला नोकरीवर गेलेल्या पोरांपर्यंत पोचला. पोरांना लई आवडला. कोंडिबाला वाटलं, जमलं.

त्या सोमवारी गुरांचे डॉक्टर लस टोचायला येणार होते. कोंडिबानं पहाटेच सांगून टाकलं, "आज सकाळी धा वाजता समद्यांनी आपापली जनावरं घिऊन देवळाम्होरं यावं." गाव आलं, गुरं टोचली, डॉक्टर पुढच्या गावाला गेले. वरच्या वाडीचं मात्र कुणीच फिरकलं नाही. "त्यांचं काम असंच," म्हणून गाव मोकळं झालं.

वाडी डोंगराच्या पोटात. तिथं रेंज म्हणून नाही. वाडीचा सोमनाथ कधीमधी खिंडीत चढला की साठलेले निरोप त्याच्या मोबाईलवर बदाबदा पडायचे. मग तो ते वाडीला वाजवून दाखवायचा.

गुरुवारी देवळापुढं मांडव घालून ग्रामसभा बसली होती. नूतनताई बोलायला उठल्या, तोच मांडवात म्हैस शिरली. तिच्या मागं दुसरी. मग गाई, खोंडं, शेरडं आणि सगळ्यांत शेवटी काठी आपटत फुलाबाई, वाडीची सगळ्यांत जुनी बाई. खुर्च्या आडव्या झाल्या. एका खोंडानं भाऊसाहेबांपुढचा हार मटकावला.

"डाक्टर कुठं हाय?" फुलाबाईनं विचारलं.

"डॉक्टर सोमवारीच येऊन गेले," भाऊसाहेब म्हणाले. "बघा ताई. मी तारीख घालून लिहिलंही होतं. म्हणत होतो ना, लिहिलेलंच बरं."

कोंडिबाचं तोंड उतरलं. "फुलाबाय, म्या सोमवारी बोललो व्हतो गं."

"मग आज कशाला म्हंतोस? आमी आज ऐकलं, म्हंजी आजच की."

नूतनताईंनी सोमनाथला विचारलं, "भाऊसाहेबांनी तारीख घालून लिवलं व्हतं त्याच दिवशी. ते न्हाई दिसलं?"

"दिसलं की. पर त्ये कोण वाचतंय? ग्रुपवर कायबी येतं. ह्यो कोंडिबाचा आवाज. त्यो सांगतोय म्हणल्यावर आमी दावी सोडली."

म्हशी मांडवातच रवंथ करू लागल्या. नूतनताईंनी डॉक्टरांना फोन लावला. ते विंझरलाच होते, दुपारपर्यंत येतो म्हणाले. फोन ठेवून त्या भाऊसाहेबांकडं वळल्या, "तुमी शंभर येळा लिवलं असतं, तरी वाडीनं एक शेरडू खाली आणलं नसतं. आण्णाच बोलतील. फकस्त वार सांगा, आण्णा."

"वार आमाला काय कळतोय?" फुलाबाई म्हणाली. "वाडीला रोजचा दिस सारखाच."

कोंडिबा डोकं खाजवत घरी गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या बोलण्याला नवं शेपूट आलं, तेही पुढच्या बाजूला. "ऐका मंडळी. आज बुधवार. बुधवार कंचा, तर सकाळची यष्टी वढ्यापाशी पंक्चर हून पडली त्यो. गेनबाची म्हस याली, पारडी झाली. आज दुपारी चारला रेशनची गाडी यील."

पुण्याची पोरं आता रेशनसाठी नाही, या शेपटासाठी ऐकतात. भाऊसाहेब कुरकुरले, पण महिना सरला तरी नूतनताईंनी 'न्हाई तर' पुन्हा काढलं नाही.

तो बुधवारचा निरोप सोमनाथनं वाडीला गुरुवारी ऐकवला. बायांनी लगबगीनं पिशव्या उचलल्या. फुलाबाईनं काठी आडवी घातली.

"थांबा गं. यष्टी काल पडली व्हती वढ्याला, आपुन हितनंच बघितली न्हवं? आत्ता बघा, खाली धुरळा उडवत चाललीया. म्हंजी रेशन कालच दुकानात आलं. उद्या जाऊ सवडीनं, कोंडिबा म्हणलाय म्हंजी आलंय त्ये नक्की."