दत्तूमामांची सही आणि गावचं तळं

मामांच्या गावचं तळं माझ्यामुळे गेलं.

काल दत्तूमामा वारले, म्हणून आज हे लिहितेय. ते असताना हिंमत झाली नाही.

मामा वनखात्यात मजूर होते. तळ्याभोवतीचं रान त्यांनी खांद्यावरून पाणी वाहून जगवलेलं. धावडा, पळस, सीताफळं. रिटायर झाल्यावरही रोज सकाळी एक चक्कर असायचीच. मामी म्हणायच्या, "ह्यांचं लगीन माझ्यासंगं लागलं, नांदत्यात मात्र तिकडं."

एका कंपनीला तिथं रिसॉर्ट आणि बंगले बांधायचे होते. अख्खं गाव नको म्हणत होतं.

ग्रामसभेला मामांना मीच स्कूटीवर घेऊन गेले. सभेत कंपनीचा विषय निघालाच नाही. चहा झाला आणि रजिस्टर फिरलं. आमच्याकडे सह्या आधी होतात, ठराव मागाहून सवडीने लिहितात.

मामा अडले. "पानावर वरची जागा कोरी हाय. आधी लिहू द्या, मंग करतो."

मला शहरात क्रांती चौकात ऑफिसला वेळेवर पोचायचं होतं. मी म्हणाले, "मामा, हजेरीची सही आहे हो. करा की पटकन."

माझ्यावर विश्वास. केली. त्यांचं बघून मागच्या सगळ्यांनी केली.

पंधरा दिवसांनी कळलं. कोऱ्या जागेत लिहिलं होतं, रिसॉर्टला गावाची हरकत नाही.

मामांनी मग किती ऑफिसांचे उंबरे झिजवले! प्रत्येक साहेब त्याच पानाची झेरॉक्स पुढे करायचा. "काका, पहिली सही तर तुमचीच आहे."

एकाने विचारलं, "कुणी सांगितलं होतं करायला?" मी शेजारीच उभी होते.

मामा म्हणाले, "कुणी नाय साहेब. माझीच अक्कल शेण खायाला गेल्ती."

मी त्यांना तसंच म्हणू दिलं. लिहितानाही लाज वाटतेय.

मग पोकलेन आलं. तीन दिवसांत रान आडवं झालं. मामा रस्त्याच्या कडेला बसून नुसते बघत होते. आता तळ्याला कंपाउंड आहे, गावची गुरं टँकरचं पाणी पितात.

परवा दवाखान्यात मामांनी माझा हात धरला.

"त्या सहीचं कुणापाशी बोलू नको, बाई. लोकं तुला नावं ठेवतील."

तेव्हाही काळजी माझीच.

मामा, तुमचं ऐकलं नाही. सगळ्यांना सांगितलं.

ठेवू द्या नावं.

श्रद्धांजली बाकीचे वाहतील. मला आधी तुमची माफी मागायची आहे.