उसनं रडू

मुक्ता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा तिचं वय अडतीस होतं, आणि तिची थोरली मुलगी त्याच मार्चमध्ये दहावीला बसणार होती. आष्टी तालुक्यात, कडा या बाजारगावापासून सात किलोमीटरवरच्या गावात महिला दूध संस्थेची ती सचिव होती. सचिव हा शब्द मोठा. काम म्हणजे दिवस उगवायच्या आत केंद्राचं कुलूप काढायचं, बायकांनी आणलेलं दूध मापायचं, फॅट बघायची, कॅन गाडीत चढवायचे, भांडी धुवायची आणि संध्याकाळी तेच सगळं परत करायचं. त्या साली पाऊस आलाच नव्हता म्हटलं तरी चाललं असतं. चारशे लिटर दूध यायचं ते सत्तरवर आलं. काम मात्र तेवढंच राहिलं, कारण एक कॅन धुवायला एक कॅनचं पाणी लागतंच, आणि तेही आता डोक्यावरून आणावं लागत होतं.

नवरा भारत टँकरवर ड्रायव्हर होता. तो दोन-तीन दिवसांनी एकदा घरी यायचा, जेवायचा आणि बसल्या जागी झोपायचा. सासू चतुराबाई घरी नव्हत्याच. गावच्या सोसायटीनं माळावर चारा छावणी उघडली होती, तिथं त्या दोन गायींबरोबर पौषापासून राहत होत्या. चार बांबू, वर शेडनेटचा तुकडा, खाली पोतं आणि शेजारी चूल.

बी.ए. करायचं कारण साधं होतं. दूध संघात पर्यवेक्षकाची जागा निघणार असं दोन वर्षं कानावर येत होतं, आणि त्या जागेला पदवी लागत होती. पर्यवेक्षकाला कॅन उचलावे लागत नाहीत, एवढंच मुक्ताला ठाऊक होतं आणि तेवढं तिला पुरेसं होतं.

शेवटच्या वर्षाला एक कौशल्याचा विषय सक्तीचा होता. शिवणकाम तिला येत होतं, पण ती तुकडी भरलेली. संगणकाचीही भरलेली. आष्टीच्या कॉलेजातला कारकून यादीवर बोट फिरवत म्हणाला, "बाई, आता एकच ऱ्हायलंय बघा. लघुपट निर्मिती आणि संकलन. मोबाईल हाय ना तुमच्याकडं? मंग घ्या की."

तिनं घेतलं.

वर्ग दर शनिवारी दुपारी असायचा. शिकवायला बिभीषण सर. वीस वर्षं लग्नाच्या शूटिंगमध्ये गेलेला माणूस. यंदा लग्नं एक तर पुढं गेली होती, नाही तर देवळात चार माणसांत उरकत होती, म्हणून त्यांनी कॉलेजचं काम धरलं होतं. शर्टाचा खिसा पेनानं डागाळलेला, आवाज बसका. वर्गात बाकी सगळी एकोणीस-वीस वर्षांची पोरं-पोरी. मुक्ता मागच्या बाकावर बसली.

सरांनी फळ्यावर तीन चौकोन काढले. पहिल्यात लहानसा माणूस आणि भोवती सगळा माळ. दुसऱ्यात कमरेपासून वरचा माणूस. तिसऱ्यात नुसता चेहरा. "लाँग, मिड, क्लोज," ते म्हणाले. "आधी कुठं हाय ते दाखवा, मग कोण हाय ते, मग त्याला काय वाटतंय ते. मोबाईल आडवा धरायचा. बटण दाबलं की मनात दहा आकडे मोजायचे, तवर हात हलवायचा न्हाई. आणि मोबाईल फिरवायचा न्हाई. लगीनवाल्यांनी फिरवून फिरवून लोकांना चक्कर आणली, त्यातला एक मी हाय."

पोरं हसली. मुक्ताही हसली आणि थोड्या वेळानं तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा वर्ग रिकामा होता, सर खिडकीत उभे राहून तंबाखू मळत होते.

"उठवलं का न्हाई सर?" ती ओशाळून म्हणाली.

"कुणीतरी झोपलेलं बघून बरं वाटलं," सर म्हणाले. "मुक्ताताई, पाच मिनिटांच्या आतली फिल्म करायचीय तुम्हाला. कुणावर करणार?"

ज्या माणसाकडं तिला तसंही रोज जावंच लागत होतं, त्याचंच नाव तिनं सांगितलं. "सासूवर."

छावणीत रोज डबा घेऊन जाताना ती मोबाईल काढू लागली. चतुराबाईंना सत्तरी गाठलेली, अंगानं काटकुळ्या, बोलणं तुटक. पहिल्या दिवशी त्यांनी पदर सारखा केला आणि मोबाईलसमोर फोटोला बसतात तशा ताठ बसून राहिल्या.

"आत्याबाई, तुमी तुमचं काम करा की. माझ्याकडं बघू नका."

"मंग तू माझ्याकडं कावून बघायलीस?"

"ते शिक्षण हाय माझं."

"काय शिक्षण बाई," म्हणून त्या उठल्या आणि कोयत्यानं ऊस तोडायला बसल्या. कारखान्याचं गाळप लवकर आटपलं होतं आणि उरलासुरला ऊस जनावरांच्या पोटात जात होता. कोयता खाली आला की कांडं पडायचं. मुक्तानं मनात दहा मोजले.

शनिवारी सरांनी ते बघितलं. "हात हलला. हितं वारं किती ऐकू येतंय बघा, बाई काय बोलल्या ते कळंना. हा शॉट चांगला हाय, पण तुम्ही तो चौथ्या आकड्याला तोडलाय. घाई होती का?"

"केंद्र उघडायचं होतं सर."

"परत घ्या."

तिनं परत घेतलं. वाऱ्याकडं पाठ करून, मोबाईलवर पदराचं टोक धरून. चतुराबाई पेंड कालवताना, शेण काढताना, हौदावर बादली घेऊन रांगेत. हळूहळू त्यांना मोबाईलचा विसर पडला. एकदा पेंडीचं पोतं झटकताना वाऱ्यानं भुसा उलटा आला आणि त्यांच्या डोळ्यात गेला. त्यांनी पदराच्या शेवानं बराच वेळ डोळा पुसला, पाणी गालावर ओघळलं. मुक्ता तेव्हा अगदी जवळून घेत होती. तिनं दहाच्या जागी वीस मोजले.

चतुराबाईंच्या शेजारच्या दावणीला आश्रुबाचा बैल होता. आश्रुबा गावातला जुना बागायतदार. विहीर आटल्यापासून तोही माळावर आला होता, एक म्हातारा बैल घेऊन. कपाळावर पांढरा डाग, म्हणून नाव चांद्या. गावात आश्रुबाचा वाडा वरच्या आळीला आणि चतुराबाईंचं घर बुद्धविहाराजवळ. उभ्या जन्मात दोघांचं बोलणं झालं ते मजुरीपुरतं. इथं दोघांच्या मध्ये एक दोरी होती फक्त.

मार्चच्या शेवटी चांद्यानं खाणं सोडलं. दोन दिवस बसून राहिला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गेला. मुक्ता डबा घेऊन पोचली तेव्हा ट्रॅक्टर आला होता. बैलाच्या पायांना दोर बांधत होते. तिनं डबा खाली ठेवला आणि मोबाईल काढला. लाँग शॉट. ट्रॅक्टर चालू झाला, धूळ उठली, बैल ओढला जात माळाच्या टोकाला गेला. ती मागून चालत गेली, उतारापर्यंत, आणि ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत घेत राहिली. मग तिथूनच केंद्रावर गेली, कारण गाडीची वेळ झाली होती.

संकलनाचा वर्ग कॉलेजच्या संगणक खोलीत. दहा संगणक, त्यातले सहा चालू, आणि वीज असेल तोवर. सरांनी तिला शिकवलं : सगळ्या क्लिपा आधी नावं देऊन लावायच्या. चांगल्या वेगळ्या काढायच्या. मग पडद्यावरच्या पट्टीवर एकापुढं एक ठेवायच्या, जास्तीचं तोंड आणि शेपूट कापायचं. हात वर जाताना एक शॉट तोडला आणि खाली येताना दुसरा जोडला, तर सांधा दिसत नाही. मुक्ताला ते आवडलं. चुकलं तर मागं जाता येत होतं, आणि असं दुसरं काही तिच्या दिवसभरात नव्हतं.

"आता गंमत बघा," सर म्हणाले. त्यांनी ट्रॅक्टरचा शॉट उचलला, आणि त्याच्यापुढं चतुराबाईंचा डोळे पुसतानाचा शॉट ठेवला.

बैल माळापल्याड गेला. म्हातारी रडली.

मुक्ता खुर्चीत पुढं सरकली. शेजारच्या संगणकावरची पोरगी वळून बघत होती. तिचे डोळे भरले. "बाई गं," ती म्हणाली.

"हीच तुमची फिल्म," सर म्हणाले. त्यांच्या बसक्या आवाजात त्या दिवशी पहिल्यांदा जान आली. "कॉलेजच्या कार्यक्रमात तीन फिल्मा दाखवणार हायेत. ही पहिली ठेवतो मी."

एस.टी.नं परत येताना मुक्ताच्या पायांना कळ लागली होती, पण ती खिडकीला डोकं टेकवून झोपली नाही. फिल्म तिनं मोबाईलवर तीनदा बघितली.

दुसऱ्या दिवशी तिनं ती छावणीत दाखवली. चतुराबाईंनी मोबाईल हातात धरला आणि लांब करून बघितला. ऊस तोडताना स्वतःला बघून म्हणाल्या, "किती वाळले गं मी." मग ट्रॅक्टर आला. मग त्यांचा चेहरा आला, पदर डोळ्याला.

त्यांनी मोबाईल परत दिला. म्हणाल्या, "मी त्या दिशी रडले न्हाई."

"आत्याबाई, ते फिल्ममध्ये तसं..."

"माझ्या डोळ्यात भुसा गेलता. ते आधीचं हाय, महिन्यामागचं. रडला आश्रुबा. बाप्या माणूस, लेकरावानी रडला, हितं, ह्या खुंटीला धरून. त्याचं रडू तू उचलून मला कावून दिलंस?"

मुक्तानं त्या खुंटीकडं बघितलं.

"तुला खरं काय झालं म्हाईत तरी हाय का?" चतुराबाईंनी विचारलं. "तू ट्रॅक्टरमागं गेलतीस. त्याचे पाय लटलट कापायलते. मी च्या केला. हितं ठिवला त्याच्या म्होरं, म्हणलं घेतो का ठिवतो तसाच. त्याच्या बापानं आमच्या सासऱ्याला कदी वट्ट्यावर चढू दिलं न्हाई. त्यानं कप उचलला, फुंकर मारली आन् पिला. परत मागितला. दोन कप पिला माझ्या हातचा. तेवढंच झालं त्या दिशी."

मुक्ता पोत्यावर बसली. तिला एकदम फार थकल्यासारखं वाटलं. ती तिथं होती, हातात मोबाईल होता, आणि ती नेमकी दुसरीकडं बघत होती.

आश्रुबा दावणीच्या पलीकडं बसला होता. बैल गेला तरी तो छावणीतून घरी गेला नव्हता. लोकांच्या जनावरांना पाणी दाखवत तिथंच राही. मुक्तानं जवळ जाऊन विचारलं, "आबा, त्या दिवसाचं तुमी कॅमेऱ्यापुढं सांगाल का? आत्याबाईंच्या हातचा च्या तुमी पिलात, ते?"

"पिलो म्हणून लाज न्हाई मला," तो म्हणाला. "पर पोरं हायेत, सुना हायेत. आष्टीत कुणीतरी बघंल, घरी सांगंल, मंग त्याचं भांडण होईल आन् च्या ऱ्हाईल बाजूला. नको घालू पोरी."

तिनं घातलं नाही.

पुढच्या शनिवारी तिनं पट्टीवरून चतुराबाईंचा डोळे पुसतानाचा शॉट उचलला आणि जिथला तिथं नेऊन ठेवला, पोतं झटकल्याच्या पुढं. आता बघणाऱ्याला सरळ कळत होतं की डोळ्यात भुसा गेलाय. ट्रॅक्टर गेला की नुसता माळ राहत होता आणि धूळ खाली बसत होती. त्यापुढं चतुराबाई दुसऱ्या दिवशी शेण काढताना. संपलं. तीन मिनिटं चाळीस सेकंद.

बिभीषण सरांनी बघितलं. "पडली ताई," ते म्हणाले. "जीव गेला त्यातला."

तिनं त्यांना भुशाचं आणि आश्रुबा प्यालेल्या चहाचं, सगळं खरं सांगितलं. सर खुर्चीत मागं रेलले. "मी वीस वर्षं पाठवणीच्या वेळी हेच केलं," ते म्हणाले. "नवरीची आई रडलेली नसली तर मावशीचं रडणं तिच्याजवळ लावायचो. कुणी कदी विचारलं न्हाई." ते उठले. "ऱ्हाऊ द्या अशीच. कार्यक्रमाला मात्र घेता येणार न्हाई. तिथं लोकांना काहीतरी लागतं."

कार्यक्रमात दुसऱ्या तीन फिल्मा दाखवल्या. मुक्ता गेली नाही. त्या दिवशी केंद्र सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. विषयात ती पास झाली, बरे गुण पडले. बी.ए.ही झाली. दूध संघानं त्या वर्षी जागा काढल्या नाहीत. दूधच नाही तर पर्यवेक्षक कशाला, असं कुणी म्हणालं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

छावणी जूनअखेर उठायची होती. त्याआधी एकदा आश्रुबा स्वतःच आला. मुक्ता चतुराबाईंबरोबर पेंड कालवत होती.

"फिल्म बघू दे म्हणलं," तो म्हणाला.

तिनं हात पुसून मोबाईल दिला. चतुराबाई ऊस तोडतानाचा शॉट सुरू झाला आणि त्यानं लगेच बोट काचेवर ठेवलं. "थांबव. हे माघारी काय हाय?"

चतुराबाईंच्या खांद्यामागं, दोरीपल्याड, चांद्या उभा होता. रवंथ करत. मान हलत होती, शेपटीनं माशा वारत होता. मुक्तानं तो शॉट शंभरदा बघितला असेल, पण तिला कधी तो दिसला नव्हता.

"अजून हाय का कुठं?" आश्रुबानं विचारलं.

दुपारचं केंद्र बंद असतं त्या वेळात ती दोन दिवस मोबाईलवरच बसली. सगळ्या जुन्या क्लिपा काढल्या, हललेल्या, वाऱ्यानं खराब झालेल्या, सरांनी टाकून द्या म्हटलेल्यासुद्धा. ज्यात ज्यात बैल होता तेवढा भाग कापला. कुठं नुसतं शिंग, कुठं पाठ, एका ठिकाणी पूर्ण चेहरा आणि कपाळावरचा डाग. एकापुढं एक लावले. एक मिनिट अकरा सेकंद झाले. ट्रॅक्टर त्यात घेतला नाही.

आश्रुबाकडं साधा फोन होता. म्हणून तिनं ते त्याच्या लेकाच्या नंबरवर पाठवलं, आणि आधी त्याला तिथंच पोत्यावर बसवून दाखवलं. त्यानं ते दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघताना तो मोबाईल कानाजवळ नेऊन ऐकत राहिला. क्लिपेत वारं होतं आणि मागं कुठंतरी चतुराबाईंचा कोयता वाजत होता.

"चतुराबाई, बघितलं का," तो म्हणाला. "खात होता तवर."

"हां," चतुराबाई म्हणाल्या, आणि चुलीवर चहाचं भांडं ठेवलं.

मुक्ताला संध्याकाळच्या दुधाला जायचं होतं. ती उठली, गुडघ्यावर हात टेकून, आणि डब्याची पिशवी उचलून माळ उतरू लागली.