भुताच्या गिरणीतली शेवटची खोली

एमिल ह्रुश्काच्या गॅरेजात मोटार कधी कुणी पाहिली नाही. मोटार बाहेर बर्फात कुडकुडत उभी, आणि आत भुतं आरामात. आमच्या गल्लीत याचं कुणाला काही वाटत नाही. नवीन राहायला आलेलं एखादं जोडपं विचारतंच, तेव्हा मी सांगते, "ऑक्टोबर उजाडू दे, मग कळेल."

एमिलनं जन्मभर लोकांच्या तळघरातल्या, घर उबदार ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त केल्या. हिवाळ्यात अख्खं गाव त्याच्या नावानं जप करायचं. पण माणसाचा जीव त्यात नव्हता. जीव होता हार्लो पार्कच्या भुताच्या गिरणीत. तळ्याकाठी ते पार्क होतं, आता तिथे गवत आहे आणि बदकं आहेत. पार्कातली गिरणी म्हणजे लाकडी गाडीत बसायचं, गाडी धाडकन दारावर आदळायची, दार उघडायचं, आणि आत काळोखात पिठाच्या पोत्यांतून सांगाडे उठायचे. पुढच्या खोलीत उंदीर. आणि सगळ्यात शेवटी गिरणीवाल्याची बायको. आमच्या गावातलं निम्मं प्रेम त्या गाडीत जमलंय म्हणतात, आणि निम्मी पोरं त्या गाडीत रडलीयत.

पार्क बंद पडलं आणि एमिलनं दर हॅलोविनला, म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या भुतांच्या सणाला, गिरणी गॅरेजात उभी करायला घेतली. जुन्या व्हॅनचं बाक, खाली चाकं, मागून ढकलायला आम्ही शेजारी. सांगाडे प्लायवूडचे, उंदरांना डॉटीचे जुने फरचे हातमोजे. डॉटी म्हणजे एमिलची बायको. कामाला हात लावायची नाही. निळा स्वेटर घालून गॅरेजसमोर घडीची खुर्ची टाकायची, मांडीवर विणकाम घ्यायची आणि चुका काढायची.

"एमिल, डावं दार वाकडं लागलंय."

"सरळ आहे गं."

"मग माझी मान वाकडी असेल."

एमिल पुटपुटत उठायचा, स्क्रू सैल करायचा, दार कणभर हलवायचा. दरवर्षी हेच. मला वाटायचं, हे दार वाकडं नसतंच, यांचा संसार त्याच्यावर लटकलाय.

खरी गंमत डॉटीनं मला एकदा पायरीवर बसून सांगितली. मी तिच्यासाठी साबुदाण्याची खिचडी नेली होती, ती तिला अतोनात आवडायची आणि कशाची असते ते शेवटपर्यंत लक्षात राहिलं नाही. खाता खाता म्हणाली, "शैला, कुणाला सांगू नकोस. याने शेवटची खोली कधी बघितलीच नाहीये."

"म्हणजे?"

"डोळे मिटतो. लहानपणी मिटले ते मिटले. लग्नाआधी आम्ही शनिवारी जायचो, तेव्हासुद्धा उंदीर संपले की गच्च डोळे, आणि मला विचारायचा, काय दिसतंय, सांग ना. मग मी कानात सांगायचे."

तर असा हा भुतांचा कारागीर. सगळी गिरणी स्वतःच्या आठवणीनं बांधायचा, शेवटची खोली मात्र बायकोच्या सांगण्यावरून. आणि बायको काही एका शब्दावर टिकायची नाही. एका वर्षी गिरणीवाल्याची बायको कंदील धरून उभी. पुढच्या वर्षी म्हणे, "छे, कणीक मळत होती." त्यानंतर डोलखुर्ची आली. एमिल बिचारा दरवर्षी बाहुली मोडायचा आणि नवी करायचा. गावातली म्हातारी मंडळी बाहेर पडून आपसात भांडायची ती वेगळीच. कुणी शपथेवर सांगे तिच्या हातात विळा होता, कुणी म्हणे मांजर.

या फेब्रुवारीत डॉटी गेली. साध्या न्यूमोनियानं गेली, आठवडाभरात. उन्हाळा एमिलनं कसा काढला देव जाणे. ऑक्टोबर लागला तरी गॅरेजचं दार खाली. पोरं शाळेतून येताना हळूच दाराला कान लावायची. मी एक दिवस सरळ जाऊन धडका मारल्या.

दार वर गेलं. आत सगळं उभं होतं, सांगाडे, उंदीर, बाक. कोपऱ्यातली शेवटची खोली तेवढी उघडी पडलेली, आणि जुन्या बाहुल्या रांगेनं जमिनीवर.

"झालंय की सगळं," मी म्हटलं.

"नाही झालं. यातली खरी कुठली?" एमिल म्हणाला. "विचारायला आता कुणी नाही, शैला. चुकीची बाई बसवून मी गिरणी उघडणार नाही. डॉटीनं शेवटी काय सांगितलं असतं ते कळल्याशिवाय तर नाहीच."

मी उगाच एक हातमोजा झटकला आणि घरी आले. फार वाईट वाटलं मला.

मी वृद्धाश्रमात नर्स आहे. दुसऱ्या दिवशी कामावर एका नव्या आलेल्या बाईंचा रक्तदाब घेत होते. व्हर्ना क्लाइन, नव्वदीच्या घरातल्या, जिभेला धार. आल्या दिवशीच त्यांची आश्रमाच्या जेवणाला नावं ठेवून झाली होती. दंडावरची पट्टी आवळली तशा म्हणाल्या, "आवळ आवळ. हार्लो पार्कात उभं आयुष्य लोखंडी दांडा ओढलाय या हातानं."

"कसला दांडा?"

"भुताच्या गिरणीचा. गाड्या मी सोडायचे."

मला इतका आनंद झाला की मी रक्तदाबाचा आकडा लिहायलाच विसरले. मुख्य बाईंची परवानगी काढली आणि सुट्टीच्या दिवशी व्हर्नाबाईंना गाडीत घालून एमिलच्या दारात हजर केलं.

एमिलनं त्यांना ओळखलं आणि शाळकरी पोरासारखी टोपी काढली. व्हर्नाबाईंनी गिरणी बघितली, बाक चाचपलं, त्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "बघत काय राहिलास? ढकल."

दार आदळलं. आतून आवाज आला, "हं. हे बरं जमलंय." सांगाडे उठले. "आमच्या सांगाड्याला एक हात कमी होता. पण असू दे." उंदीर आले. "हे आमच्यापेक्षा बरे." एमिलचा चेहरा उजळत चालला होता. मग शेवटची खोली आली आणि त्यानं बाक थांबवलं.

"इथे काय होतं, व्हर्नाबाई? मी बरोबर करीन. फक्त सांगा."

"इथे? इथे काही नव्हतं."

"गिरणीवाल्याची बायको..."

"होती, पहिल्या वर्षी. पुरात वाहून गेली. मालक एक नंबरचा चिक्कू, म्हणाला नवी कशाला, उंदरानंतर सगळे डोळेच मिटतात. नाहीतर पोरीच्या गळ्यात पडलेले असतात. छताला दोरे बांधले आणि ते रोज ओले करायचं काम माझ्या गळ्यात घातलं. ओला दोरा गालाला लागला की जो तो आपापलं भूत बघायचा. ज्याचे डोळे उघडे, त्याला नुसता काळोख."

मी मनात म्हटलं, शैलाबाई, घातलंत ना वाटोळं. चांगलं करायला गेलात आणि आहे तेही घालवलंत. एमिल रंगाच्या डब्यावर बसला. बराच वेळ तो त्या रांगेतल्या बाहुल्यांकडे बघत होता, कंदीलवालीकडे, कणीकवालीकडे.

"तिचे डोळे उघडे असायचे," तो म्हणाला.

"कुणाचे?" व्हर्नाबाईंनी विचारलं.

"माझ्या बायकोचे. म्हणजे तिला माहीत होतं. आयुष्यभर मनानं रचून सांगत होती मला." आणि मग हसायलाच लागला, इतका की डोळे पुसायला टोपी घ्यावी लागली. व्हर्नाबाई मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "बाई हुशार दिसतेय. कुठे आहे?" मी सांगितलं.

एमिलनं शेवटची खोली काळी रंगवली. डॉटीच्या विणकामाच्या टोपलीत लोकर उरली होती, ती कापून छताला टांगली. बाहुल्या पोटमाळ्यावर गेल्या.

हॅलोविनला संध्याकाळी, पोरांना बाहेर पडायची खूण म्हणून, अग्निशमन केंद्राचा भोंगा वाजला आणि गल्ली सोंगं घेतलेल्या पोरांनी भरली. चेटकिणी, अंतराळवीर, एक चालता बटाटा. डॉटीची खुर्ची एमिलनं नेहमीच्या जागी मांडली होती, आणि कुणाची तिच्यात बसायची छाती नव्हती. व्हर्नाबाई आल्या आणि कुणाला न विचारता तिच्यात बसल्या. एमिल जरासा थबकला. मग आत जाऊन त्याने त्यांच्यासाठी घोंगडी आणली.

माणसं गिरणीतून बाहेर येत होती आणि भांडत होती. "कंदील होता या वेळी." "कंदील कुठला, मांजर." तो बटाटा तर रडत सांगत होता की बाईनं त्याचा गालगुच्चा घेतला. एमिल गरम सफरचंदाच्या रसाचा पेला घेऊन सगळं ऐकत उभा होता. कुणालाच दुरुस्त करत नव्हता.

दुसरा भोंगा वाजला, पोरं पांगली. मी लोकर भिजवायची बादली उचलायला लागले तसा एमिल म्हणाला, "शैला, मला एकदा ने ना. मी माझ्या गिरणीत कधी बसलोच नाहीये."

बसला. मी ढकललं. आहे की भलता जड. दार, सांगाडे, उंदीर. पुढे काळोख. ओली लोकर माझ्या कपाळाला लागली आणि अंगावर सर्रकन काटा आला, स्वतः भिजवलेली असून. खाली वाकून बघते तर एमिलनं डोळे गच्च मिटलेले.

"काय दिसतंय?" त्याने विचारलं. "सांग ना."

माझे डोळे टक्क उघडे होते. समोर काही म्हणजे काही नव्हतं.

"बाई बसलीय खुर्चीत," मी म्हटलं. "निळा स्वेटर. मांडीवर विणकाम."

"काही म्हणतेय?"

"म्हणतेय, डावं दार वाकडं लागलंय."

तो काळोखातच म्हणाला, "सरळ आहे गं."

सकाळी मी कॉफी घेऊन गेले तर गॅरेजचं दार उघडं होतं. गिरणी आता मोडायची, पुढच्या वर्षापर्यंत तिचं काही काम नाही. आणि हा पठ्ठ्या स्टुलावर चढून डाव्या दाराचे स्क्रू सैल करत होता.