दह्याची दोन फडकी

४ डिसेंबरला मी नळाला दह्याचं फडकं टांगत होते, तेवढ्यात सोसायटीच्या जिमचा ट्रेनर दारात आला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला कठडा न धरता चार जिने चढायचे होते. म्हणून महिन्यापूर्वी मी त्याच्याकडे झोपताना घ्यायची प्रोटीन पावडर मागितली होती. हा माणूस बोलतानाही आकडे मोजतो; तेव्हाही तसाच म्हणाला होता,

"एक, दूध पचतं ना ताई? दोन, श्रीखंडाला चक्का बांधता ना? मग तोच रात्री वाटीभर खा. तीन, साखर नाय टाकायची."

साखर मी टाकलीच. महिन्याभरात वजन दोन किलो वाढलं, कठडा सुटला नाही. आज त्याने फ्रीजमधली वाटी मागून घेतली आणि चमच्याच्या टोकाने चाखली.

"ताई, हे पाडव्याचं झालं. गुडघ्याचं नाय."

मी चिडले. "आणि तू रे? तू काय खातोस रात्री?"

"पावडर," तो पहिल्यांदाच आकड्याशिवाय बोलला. "खोलीवर गॅस नाय, फ्रीज नाय."

एवढं बोलून तो मला जिन्याकडे घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साखरेचा डबा माळ्यावर टाकला आणि नळाला दोन फडकी टांगली.