शेजाऱ्याची वायव्य

कमलबाईंनी तांब्या माझ्या नाकाशी आणला. "नाना, हुंगा."

हुंगला. नळाच्या कामात माझा जन्म गेलाय, तो वास ओळखायला मला चूळ भरावी लागत नाही. म्हटलं, "हे पिऊ नका. आजपासून एक घोटसुद्धा नाही."

"उकळून?"

"उकळूनही नको."

त्या तिथेच पायरीवर बसल्या. त्यांचा नवरा सुकदेव कंपाउंडच्या भिंतीकडे बघत उभा राहिला. भिंतीपलीकडे भिकाचं नवं घर.

सुकदेव आणि भिका एकाच गावचे, धुळ्याकडचे. पोटासाठी गाव सोडून पांडेसऱ्याला एकाच डाइंग मिलमध्ये रंगाच्या वाफेत राबले, लिंबायतच्या वस्तीत एकाच गल्लीत राहिले. रिटायर झाल्यावर शहराबाहेर, कडोदऱ्याच्या पुढे दोघांनी लागून लागून प्लॉट घेतले. सुकदेवने घर आधी बांधलं. पाण्याचं सगळं काम माझं.

तिकडे नळ नाही आणि गटरलाईनही नाही. पाणी जमिनीतून काढायचं आणि घाण जमिनीतच सोडायची. त्यासाठी खाळकुवा करतात. म्हणजे गोल खड्डा, आतून विटा फटी ठेवून रचलेल्या, तळ उघडा. संडास-मोरीचं पाणी त्यात जातं आणि हळूहळू मातीत मुरतं. बोअर आणि खाळकुवा यांच्यात निदान पन्नास फूट पाहिजेत. मी चौथी शिकलो, पण एवढं मला पुस्तकाशिवाय समजतं.

सुकदेवच्या वास्तू बघणाऱ्या महाराजांनी सांगितलं, बोअर ईशान्येला, घाण वायव्येला. माझं काही म्हणणं नव्हतं. त्याच्या वायव्येला शेजार नव्हता, बाजूचा रस्ता होता. बोअरला पाणी लवकर लागलं. कमलबाईंनी ओंजळ भरून प्यायलं आणि म्हणाल्या, "गोड शे, नाना. हाई मनं पानी शे." हे माझं पाणी आहे. लिंबायतला नळाची वेळ सांभाळता सांभाळता म्हातारी झालेली बाई. त्या दिवशी त्यांनी साऱ्या मजुरांना त्याच पाण्याचा चहा पाजला आणि प्रत्येकाला चव विचारली.

मग भिकाने घर बांधायला काढलं. त्याला बांधकामाला पाणी सुकदेवच्या बोअरचं. कमलबाई स्वतः पाईप भिंतीवरून टाकायच्या. मी साईटवर गेलो तर खाळकुव्याची आखणी झालेली. चुन्याचा गोल बघितला आणि माझं डोकं फिरलं. भिकाचा महाराजही तेच बोलला होता, घाण वायव्येला. आणि भिकाची वायव्य म्हणजे सुकदेवची ईशान्य. मध्ये फक्त विटेची भिंत.

"भिका, हा गोल पुस. पुढे रस्त्याकडे घे. तुझा प्लॉट लांब आहे, अंतर मिळेल."

"रस्त्याकडे दक्षिण आहे, नाना. दक्षिणेला घाण ठेवली तर घरातला कर्ता जातो."

"आणि इथे ठेवली तर शेजारची कर्ती जाईल! तिच्या बोअरच्या उशाला हागतोस काय?"

"मग सुकदेवला बोअर हलवायला सांगा ना."

सुकदेवला विचारलं. तो म्हणाला, "ईशान्य सोडून पाणी? मी आधी आलोय. त्याने हलवावं."

"तुम्ही दोघं एका ताटात जेवलेले ना रे?"

भिकाने दुसरा कारागीर लावला. माझं बोलणं चूक नव्हतं. आवाज चढला होता, तो माझा नेहमीच चढतो. पण कमलबाई पाईप धरून उभ्या होत्या, त्यांना कोणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही. त्याच पाण्यावर भिकाचा खाळकुवा बांधून झाला.

पावसाळा झाला आणि तो तांब्या आला.

आता सुकदेवकडे प्यायला जार येतो. बोअर फक्त संडासाला चालतो. संडासाचं पाणी बोअरमध्ये आणि बोअरचं संडासात, असा त्या घराचा कारभार. दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे. कमलबाई चहा अजून देतात, पण चव कशी आहे हे आता विचारत नाहीत.

गेल्या महिन्यात भिकाचा फोन आला. "नाना, लवकर या." त्याच्या पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर काम निघालं होतं. भिकाच्या ईशान्येला, त्याने तिथे घेतलेल्या बोअरला खेटून, चुन्याचा गोल. भिका नव्या मालकाला हात जोडून सांगत होता, "भाई, पन्नास फूट पाहिजेत. पुढे घ्या, रस्त्याकडे."

माझंच वाक्य.

नवा मालक गुजराती, माणूस चांगला होता. हसून म्हणाला, "काका, अमारा महाराजे ना पाडी छे." आमच्या महाराजांनी नको म्हटलंय.

भिकाने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, हा दिवस आला की मी मोठ्याने हसेन. हसू आलं नाही. भिंतीपलीकडे कमलबाई रिकामा जार दारात ठेवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

नव्या मालकाला मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, या वेळी आवाज न चढवता. त्याने ऐकून घेतलं. गोल तिथेच राहिला.

शहराबाहेर प्लॉट घेणाऱ्याला मी आता एकच सांगतो. आपली ईशान्य नंतर बघा, आधी शेजाऱ्याची वायव्य बघा.